नंबर घातलेला दगड

मेजर हे काही खरे मेजर नव्हते. लष्करात ते रंगारी होते आणि रंगारी म्हणूनच निवृत्त झाले. पण घरी परतल्यावर त्यांनी चौकात गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचं दुकान टाकलं, मिशा तशाच पिळदार ठेवल्या आणि कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं तरी टाचा जुळवून उभं राहायची खोड काही सोडली नाही. मग गल्लीनेच त्यांना बढती दिली. सरकारला उभ्या नोकरीत जे जमलं नाही, ते न्हाव्याच्या दुकानात बसणाऱ्या रिकामटेकड्यांनी वर्षभरात करून दाखवलं. नवरा मेजर झाल्यावर बायकोला मेजरीणबाई होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मेजरांच्या गप्पांत शहर एकच. बदल्या पुष्कळ झाल्या होत्या, पण तोंड उघडलं की तेच एक शहर बाहेर यायचं. छावणीच्या भिंतीला लागून असलेली तिथली बेकरी, जिच्या वासाने सकाळच्या कवायतीत अख्खी रांग चुकायची. तिथला शिंपी, जो प्रत्येक गणवेशाची डावी बाही आखूड शिवायचा आणि वर म्हणायचा, तुमचाच हात लांब आहे. सगळ्यांत लाडकी गोष्ट मोठ्या साहेबांच्या सायकलीची. मेजरांनी तिच्यावर चुकून दुसऱ्याच कुणाचा नंबर घातला आणि पहारेकऱ्याने साहेबांनाच फाटकावर चोर म्हणून उभं करून ठेवलं. यातलं खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. पण न्हावी वस्तरा थांबवून ऐकायचा, आणि ज्याच्या अर्ध्या गालाला साबण असायचा तोही.

घरी मात्र ते शहर निघालं की मेजरीणबाई उठायच्या. गॅसवर काही नसलं तरी गॅस बघून यायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, बिचारी तेच तेच ऐकून कंटाळली असणार. मुलगा तर लहानपणी आईची नक्कल करायचा. बाबा ‘आमच्या त्या शहरात’ म्हणाले की हा उठून खोटंखोटं भांडं हलवायचा. त्यावर सगळे हसायचे, मेजरसुद्धा हसायचे. मेजरीणबाई हसायच्या नाहीत, पण मुलाला कधी रागावल्याही नाहीत.

खरं कारण त्या दोघांनाच ठाऊक होतं. त्या शहरात त्यांना पहिली मुलगी झाली आणि त्याच शहरात ती गेली.

लष्करी नोकरीत बायकोला सोबत ठेवायची संधी क्वचित मिळते. मेजरांना ती त्या एकाच शहरात मिळाली. एक खोली, एक ओसरी, मागे न्हाणी; पण लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एका छपराखाली आली होती. वर्षभरात मुलगी झाली. इवलीशी, सारखी चिवचिवणारी, म्हणून आई तिला चिमी म्हणायची. चांगलं नाव पुढे सावकाश ठेवू, असं दोघांचं ठरलं होतं. आणि मग त्या हिवाळ्यात छावणीत तापाची साथ आली. मायलेकी एकाच दिवशी इस्पितळात दाखल झाल्या. आईचा ताप इतका चढला होता, की पलीकडच्या पाळण्यातलं बाळ कधी उचलून नेलं ते तिला कळलंच नाही.

मेजर तेव्हा पंचविशीतही नव्हते. मुलीला त्यांनी एकट्यानेच मूठमाती दिली. शहर आणि छावणी यांच्यामध्ये एक मोकळी जमीन होती, तिच्या एका कोपऱ्यात झाडांखाली लहान मुलांना पुरत. बाकीच्या मुलांच्या डोक्याशी एकेक दगड होता आणि दगडावर नाव. मेजर भांडारात गेले. रस्त्याच्या कडेला लावायचे दगड तिथे ढिगाने पडलेले असत, त्यातला एक त्यांनी मागून घेतला. आपल्या ब्रशाने, आपल्या काळ्या तेलरंगाने त्यावर लिहायला बसले आणि हाताने आपसूक जे रोज करायचा तेच केलं. स्वतःचा लष्करी नंबर घातला.

ह्यात हसण्यासारखं काही नाही. ज्याने कधी लष्कराचं मीठ खाल्लं नाही त्याला ते कळायचं नाही, एवढंच. तिथे माणसाच्या प्रत्येक वस्तूवर त्याचा नंबर असतो. ट्रंकेवर, ताटावर, मगाच्या बुडाला, गादीच्या कोपऱ्याला. वस्तू कुठेही राहिली, कुणाच्याही हाती लागली, तरी नंबर बघून ती फिरतफिरत धन्याकडे परत येते. मेजरांचा दिवस हेच नंबर घालण्यात जायचा. ‘नंबर आहे ना, मग हरवत नाही,’ हे ते नव्या जवानांना सांगायचे. मुलीला चांगलं नाव तर नव्हतंच. ती हरवू नये, एवढंच त्या पोरसवदा बापाला त्या वेळी सुचलं.

मेजरीणबाई इस्पितळातून बाहेर आल्या तोवर बदलीचा हुकूम येऊन पडला होता. सामान बांधलेलं, गाडीची वेळ झालेली. त्या म्हणाल्या, “मला एकदा तिथे नेऊन आणा.”

“पुढच्या खेपेला जाऊ. तुला चालवत नाहीये अजून,” मेजर म्हणाले.

पुढची खेप आलीच नाही. मुलगा झाला, त्याची शाळा, मग निवृत्ती, दुकान, मुलाचं लग्न. मेजर त्या शहराच्या गमती सांगत राहिले. त्यांना बोलता येण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून तेवढंच बोलत राहिले. त्या सायकलीच्या गोष्टीआड ते आयुष्यभर लपून बसले होते, असं म्हटलं तरी चालेल. मेजरीणबाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. यंदा त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर सूनबाईने विचारलं, “आई, काय करू तुमच्यासाठी? काही हवंय का?” तेव्हा त्या सुनेशी न बोलता नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “मला चिमीची जागा बघायचीय. आता तरी न्या.”

मुलगा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. आपल्याआधी कुणी होतं, ते गेलं, एवढंच त्याने कधीतरी उडतउडत ऐकलं होतं. त्याने डॉक्टरांना विचारलं, तिकिटं काढली, आणि सोबत येतो म्हणून हट्ट धरला. मेजर म्हणाले, “नको. आमचं आम्ही जाऊन येतो.” मग बायकोला म्हणाले, “अगं, दगड लावलाय मी. नंबर घातलाय. डोळे मिटून नेतो तुला.” हे सांगताना त्यांचा आवाज दुकानात गिऱ्हाईकाला भरवसा देतात तसाच होता.

स्टेशनावर उतरल्याबरोबर मेजर वाट चुकले. चुकायला तिथे जुनी वाटच उरली नव्हती म्हणा. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान, शिंप्याच्या जागी बँक. त्यांच्या त्या खोलीच्या ठिकाणी चार मजली इमारत उभी होती आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. मेजर टॅक्सीच्या खिडकीतून बोट करून सांगत गेले, “इथे अमकं होतं, इथे तमकं होतं,” आणि टॅक्सीवाला प्रत्येक वेळी “असेल बाबा” म्हणत गेला. मेजरीणबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या होत्या. त्यांना बेकरीशी काही देणंघेणं नव्हतं.

टॅक्सी थांबली तिथे एक मोठं मैदान होतं. चांगलं हिरवंगार, कडेने फरसबंदी वाट, वाटेवर बाकडी. आत माणसं गटागटाने गवतावर पसरली होती, पोरं चेंडू खेळत होती, एकजण उताणा पडून तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपला होता. झाडं नव्हती. कोपराही नव्हता. चारही बाजू सारख्याच दिसत होत्या.

मेजरांनी पुन्हा एकदा चारही बाजूंना नजर फिरवली. पण तोंडावर काही दिसू न देण्याची सवय जुनी. बायकोला त्यांनी फाटकाजवळच्या बाकड्यावर बसवलं, शाल नीट खांद्यावर ओढून दिली आणि म्हणाले, “तू जरा टेक. मी नक्की कुठे ते बघून येतो.”

“बघून येतो म्हणजे?”

“म्हणजे फाटक आता ह्या बाजूला केलंय ना. बस तू.”

मैदानाची राखण करणारी बाई पलीकडच्या टोकाला नळाला पाइप लावत होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. मेजरांनी विचारलं तसा तिने पाइप खाली टाकला आणि हात पदराला पुसले.

“हो, होती की. लहान मुलांची जागा होती. माझे वडील इथलेच राखणदार. आम्ही त्या तिथे झोपडीत राहायचो.”

“मग ती मुलं?”

“मुलं कुठे जातील बाबा? आहेत तिथेच आहेत. वरून भराव टाकला, जमीन सपाट केली, गवत लावलं. पण उगाच नाही हं केलं, आधी वर्षभर पाटी लावली होती. ज्यांची होती ती माणसं आली. कुणी माती घेऊन गेलं, कुणी दगड. दगडावर नाव असेल तर वडील स्वतः घर शोधत जायचे आणि निरोप द्यायचे.”

मेजर म्हणाले, “एका दगडावर नाव नव्हतं. नंबर होता.”

बाईचा चेहरा एकदम उजळला. “तो होय! तो आठवतो ना मला. वडील म्हणाले, हा तर लष्कराचा माल, आपल्या हद्दीत कसा आला? कुणी विचारलं तर चोरीचा आळ यायचा. हातगाडीवर घातला आणि छावणीत नेऊन पोचता केला. फार सरळ माणूस होते वडील. दुसऱ्याची काडी ठेवून घेतली नाही कधी.”

“बरोबर केलं त्यांनी,” मेजर म्हणाले.

आणि ते खरंच बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. भांडणार कुणाशी? मेजर राखणदार असते तर त्यांनीही नेमकं हेच केलं असतं. नंबर बघून वस्तू परत गेली. जन्मभर नव्या जवानांना जे शिकवलं, ते कुणीतरी मनापासून पाळलं होतं. त्या दगडावर चिमी असं खडूने जरी लिहिलं असतं तरी तो भला माणूस दारोदार विचारत फिरला असता, आणि कदाचित निरोप आला असता. आता डोकं फोडून घेतलं तरी उपयोग नव्हता.

“कुठल्या बाजूला होता तो, आठवतंय का काही?”

बाईने हात उचलला, एकीकडे दाखवला, मग दुसरीकडे, मग खाली घेतला. “झाडं होती तोवर सांगता आलं असतं. आता खोटं कशाला बोलू?” मग तिने मेजरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला काय ते समजलं. “बाबा, तुमचं होतं का कुणी?” असं तिने विचारेपर्यंत ते वळले होते.

छावणीची भिंत तिथून जवळच होती. भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेने दगड लावलेले होते, एकजात चुन्याने पांढरे केलेले, शिस्तीत उभे. मेजर त्या रांगेवरून वाकूनवाकून चालू लागले. चुना तेलरंगावर धरत नाही, ही गोष्ट कुठल्याही रंगाऱ्याला ठाऊक असते. वरून कितीही हात मारा, तेलरंग असेल तिथले पोपडे सुटणारच. रांगेच्या शेवटाकडे एका दगडाचे पोपडे असे सुटले होते की खालून काळे आकडे डोकावत होते. साताच्या शेपटीला बाक होता. तो बाक असा दुसरं कुणी देत नसे.

मेजर रस्त्यावर गुडघे टेकून बसले. नखाने त्यांनी चुना खरवडला, सगळा नंबर मोकळा केला आणि त्यावर तळहात ठेवला. क्षणभर त्यांना इतका आनंद झाला की ते मोठ्याने काहीतरी बोललेसुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं की हाताखाली नुसता दगड आहे. तेव्हा ते रडले. जाणारी-येणारी वाहनं वळसा घालून जात होती.

बाकड्याकडे परत येताना त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला मनकवडा नको. एक शब्द बोलायचा, ‘इथे.’ तिने जागा कधी पाहिलीच नव्हती, पडताळणार कशी? तिचं ऑपरेशन झालेलं, परत इतक्या लांब येणं व्हायचं नाही. तिच्या जिवाला शांती लाभेल, आपली बाजू राखली जाईल, आणि खोटं म्हणावं तर दगड तर खराच आहे. मेजरांनी तोंड धुतलं, मिशा सारख्या केल्या आणि बायकोचा हात धरून तिला हळूहळू त्या रस्त्याने घेऊन आले. तोंडाने मात्र ते काहीच बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं.

मेजरीणबाई भिंतीच्या कडेला टेकल्या. दगडाकडे बघत राहिल्या. मग नंबरावरून बोट फिरवलं.

“आपल्या ट्रंकेवरचाच आहे.”

“हो.”

“चिमी नाही घातलंत?”

“तेव्हा सुचलं नाही. हरवू नये म्हणून नंबर घातला.”

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या.

एवढ्यात एक ट्रक अंगावर आल्यासारखा धडधडत गेला. पाठोपाठ दुसरा. धूळ खाली बसेपर्यंत मेजरीणबाई थांबल्या आणि म्हणाल्या, “रस्त्याला अगदीच लागून आहे हो. एवढ्याशा आवाजाने दचकायची ती.” मग खांद्यावरची शाल काढून त्यांनी दगडाला गुंडाळली. दोन्ही बाजूंनी नीट खोचली. कोपरा राहिला होता तोही आत घेतला.

मेजरांना ते बघवेना. खोटं पचवायलाही कलेजा लागतो, तो त्यांच्यापाशी नव्हता.

“अगं, नको. काढ ती शाल,” ते म्हणाले. “ती इथे नाहीये.”

मेजरीणबाईंचा हात खोचताखोचता थांबला.

मेजरांनी सगळं सांगितलं. राखणदार, हातगाडी, भराव. त्यांचं सांगणं तुटक तुटक होत होतं आणि मध्येच ते म्हणत होते, “नाव घालायला हवं होतं. नाव घातलं असतं तर आपल्याला निरोप आला असता.” मेजरीणबाईंनी त्यांना बोलू दिलं. दोष दिला नाही. दिला असता तर मेजरांना बरं वाटलं असतं. मेजरीणबाईंनी शाल सोडवली, चुना झटकला, घडी घालून हातावर घेतली आणि उठायला हात पुढे केला.

“मग आहे कुठे?”

“त्या मैदानात. मघा बसली होतीस ना, तिथे.”

“चला.”

दोघं परत आली. आता ऊन कलतं झालं होतं आणि मैदानात माणसं वाढली होती. पोरांचे दोन कंपू झाले होते, एक बाई मुलाला पाठीवर घेऊन घोडाघोडा करत होती, तो वर्तमानपत्रवाला अजून झोपलेलाच होता. फरसबंदी वाट जिथे संपते आणि गवत सुरू होतं तिथे मेजर थांबले आणि बायकोला आधार द्यायला कोपर पुढे केलं.

“त्या अंगाला असावी असं मला वाटतं. नक्की नाही सांगता येत. चल, हळूहळू जाऊ आत.”

मेजरीणबाईंनी एक पाऊल उचललं. ते तसंच अधांतरी राहिलं, आणि मग त्यांनी ते मागे, फरशीवर ठेवलं.

“कुठे आहे ते ठाऊक नाही म्हणता,” त्या म्हणाल्या. “मग मी पाय कुठे ठेवू?”

बायको गवताच्या कडेला उभी होती, शाल छातीशी धरून, आणि तिची नजर त्या हिरवळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होती. मेजरांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मघाशी राखणदारबाईला गाठायला ते ह्याच गवतावरून तिरपे गेले होते, जवळची वाट म्हणून.